आठ दिवसांची शांतता

आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहारातल्या सतरंज्या बाहेर काढून झटकल्या जातात, आणि मला कळतं की आता तीन महिने माझे पांढरे शर्ट नीट वाळणार नाहीत. दोनच शर्ट आहेत. एक अंगावर, दुसरा पंख्याखालच्या दोरीवर. बाहेर पाऊस, घरात ओल, आणि शोभा, म्हणजे माझी बायको, म्हणते की तुमच्या ध्यानाला कुबट वास येतो.

यंदाही वर्षावास सुरू झाला. पावसाळ्यात भिक्खूंनी हिंडणं थांबवून एका जागी राहायचं, ही मूळ रीत. आम्हा संसारी लोकांपर्यंत येताना तिचं रूप असं झालंय की रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन आणि सकाळी साडेसहाला अर्धा तास ध्यान. वाचनाला गर्दी असते, कारण नंतर चहा असतो. सकाळी आम्ही नऊ-दहा जण. पत्र्यावर पाऊस इतका वाजतो की बुद्धमूर्तीसमोरची मेणबत्ती विझली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि मी मात्र एक डोळा किलकिला करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो.

लोक म्हणतात, ध्यानाला बसल्यावर मन शांत होतं. मला बसल्यावर पहिल्यांदा कळलं की मन किती घाबरलेलं आहे. ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीच्या वर्षावासातली. सतरंज्या झटकल्या की ती दर वर्षी धुळीबरोबर वर येते. आता सांगूनच टाकतो.

मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर होतो. रंगाला लागणारी रसायनं बनवणारी कंपनी. त्या नोकरीने मला बदलापूरला मांजर्लीत दुसऱ्या मजल्यावरचं घर दिलं, मुलीचं शिक्षण दिलं आणि एक नाक दिलं. नाकाबद्दल खरं बोलतोय. पावसाळी सकाळी हवा जड असते, धूर वर जात नाही, गल्लीबोळांत उतरतो. लोक नुसतं म्हणतात, आज वास येतोय. मी सांगू शकतो कशाचा. सडक्या अंड्यासारखा असेल तर काय, कडू बदामासारखा असेल तर काय, आणि कुठला वास यायचा बंद झाला तर उलट जास्त घाबरायचं. निवृत्त झालो तरी नाक निवृत्त झालं नाही.

बाळाराम माझ्या पाळीत होता. अंबरनाथजवळच्या गावातला, घरची भातशेती, पावसात रजा टाकून लावणीला जायचा आणि परत आला की हातापायांना चिखल्या झालेल्या असायच्या. एक दिवस आमच्या विभागात पाइपाच्या जोडातून तांबूस धूर सुटला. मी तेव्हा स्टोअरमधून हातमोजे आणायला गेलो होतो. बाळारामने आत जाऊन वॉल्व बंद केला आणि खोकत बाहेर आला. थोड्या वेळाने खोकला थांबला. आम्ही चहा प्यायलो, त्याने माझी चेष्टाही केली की हातमोजे आणायला दुबईला गेला होतास काय. पाळी संपल्यावर सायकल मारत घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या भावाने गेटवर येऊन सांगितलं. तो धूर तसाच असतो. माणसाला घरी जाऊ देतो आणि मग छातीत पाणी भरतो.

तेव्हापासून कुणी हसत चहा पिताना 'मी बरा आहे' म्हणालं की माझा विश्वास बसत नाही.

प्रणाली आमची एकुलती एक. उल्हासनगरच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाली. हा विषय का घेतलास असं मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, लहानपणी तुमच्या डब्याच्या पिशवीला जो वास यायचा तो कशाचा, हे मला शोधायचं होतं. मी हसलो होतो. त्या जूनमध्ये बदलापूरच्याच एका कंपनीत तिला केमिस्ट म्हणून घेतलं. पहिला महिना लॅबमध्ये होती, पांढरा कोट घालून काचेच्या नळ्या हाताळत होती, तोवर मीही सोसायटीत सगळ्यांना सांगत होतो. मग आषाढात एक दिवस ती घरी आली ती नाचतच. प्लांटवर टाकलं होतं. आमच्या घरातली पहिली मुलगी, प्लांटवर, हेल्मेट घालून. कुठल्या विभागात, असं मी विचारलं. तिने नाव सांगितलं. तीच प्रक्रिया, बाळारामवाली.

शोभाने तिला साखर भरवली. मी हात धुवायला मोरीत गेलो आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

पुढचे दिवस कसे होते ते सांगायला लाज वाटते. सकाळी सहा वीसला कंपनीची बस कोपऱ्यावर यायची. प्रणाली चढली की मी गॅलरीत येऊन वाऱ्याचा अंदाज घ्यायचो. सात वाजता पाळी सुरू. आठला मी तिला मेसेज करायचो, 'पोचलीस का?' नऊला, 'नाश्ता केलास का?' दहाला काहीतरी निमित्त. प्लांटमध्ये फोन नेता येत नाही हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं, तरी उत्तर आलं नाही की पुढचा मेसेज टाकायचो. साडेतीनला तिची पाळी सुटायची आणि चारला ती दारात उभी राहायची. मी तिच्याकडे बघायचो, ती खोकते का ते ऐकायचो. ती म्हणायची, "पप्पा, मी बरी आहे," आणि गॅसवर चहा ठेवायची. मला नेमकं तेच नको असायचं.

उल्हास नदीही त्या वर्षी भरपूर चढली होती. तळमजल्यावरचे लोक गाद्या वर आणून ठेवत होते, पाणी कुठवर आलं ते एकमेकांना विचारत होते. माझं लक्षच नव्हतं. सगळी मांजर्ली नदीकडे बघत होती आणि मी उलट्या दिशेला, पूर्वेकडच्या कारखान्यांच्या चिमण्यांकडे.

मग छातीत दुखायला लागलं. ईसीजी काढला, नीट निघाला. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, टेन्शन घेऊ नका. हे वाक्य मला आजवर ज्या ज्या माणसाने ऐकवलंय त्याने टेन्शन ठेवायचं कुठे हे सांगितलेलं नाही. शोभाने मात्र तोडगा काढला. वर्षावास चालूच होता. उद्यापासून सकाळच्या ध्यानाला जायचं, प्रणालीची बस गेली की थेट विहारात, असं तिने परस्पर ठरवलं आणि माझा शर्ट धुऊन टाकला.

ध्यान घ्यायच्या त्या सिस्टर. नाव वेगळं आहे, पण सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होत्या, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही सगळे सिस्टरच म्हणतात. स्वतः शिबिरांत जाऊन शिकलेल्या. आवाज असा की इंजेक्शन टोचून झालं तरी माणसाला वाटावं अजून द्यायचं आहे. त्यांनी सांगितलं, डोळे मिटा, मान सरळ, आणि नाकाच्या टोकाशी श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढंच बघा. काही करायचं नाही, नुसतं बघायचं.

सगळ्यांसाठी सोपं होतं. माझ्यासाठी त्या खोलीत त्याहून भयंकर सूचना नव्हती. श्वास आत आला आणि त्याबरोबर आख्खं कारखान्यांचं गाव आत आलं. अगरबत्तीच्या खाली, ओल्या सतरंजीच्या खाली, एक बारीक आंबट धार. मी ती ओळखायला लागलो. ओळखली. मग वारा कुठून, कंपनी कुठे, आता सात वाजले असतील, ती शिडी चढत असेल. नाकपुड्या थंड पडल्या, कानात ठोके वाजू लागले. मी उठलो आणि बाहेर पळालो. घाईत पायात कुणाच्या तरी लेडीज चपला आल्या. त्या घालून मी चिखलातून कोपऱ्यापर्यंत गेलो.

सिस्टर मागून आल्या. चपला त्यांच्याच होत्या. त्यांनी न रागावता माझं मनगट धरलं, नाडी बघितली आणि विचारलं, की बघायला सांगितलं तेव्हा काय झालं. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी मनगट सोडलं. मग म्हणाल्या, "तुमचं नाक फार शिकलेलं आहे, भाऊ. ते सोडा. पायाकडे बघा. टाच जमिनीला टेकली आहे, एवढंच. श्वास येतो-जातो, त्याला जाऊ द्या."

त्यानंतर मी रोज पायाकडे बघायला लागलो. जमत होतं असं म्हणणार नाही. टाच टेकली आहे, टाच टेकली आहे, आणि तिसऱ्या वेळी मन वॉल्वपाशी. पण निदान पळालो नाही.

आता जे सांगणार आहे ते सिस्टरांना तेव्हा माहीत नव्हतं. शोभालाही नव्हतं.

प्रणालीच्या कंपनीत प्लांटचे प्रमुख होते सावंत. वीस वर्षांपूर्वी हा मुलगा माझ्या हाताखाली काम शिकला होता. एका दुपारी मी त्याला भेटायला गेलो. बायकोला सांगितलं, पेन्शनच्या कागदांसाठी चाललोय. सावंतने केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. मी म्हणालो, माझ्या पोरीला प्लांटवरून काढ आणि कागदपत्रांच्या कामाला बसव, कारण विचारू नको, आणि मी आलो होतो हे तिला कळू देऊ नको. सावंतला बाळारामचं माहीत होतं. तो म्हणाला, मुलगी हुशार आहे दादा, शिकली असती. मग डायरी उघडून म्हणाला, वांगणीची एक मुलगी सोमवारपासून येतेय, तिला तिकडे लावतो.

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि 'बरं' म्हणून चहा संपवला.

सोमवारी प्रणाली दुसऱ्या इमारतीत, फायलींच्या कपाटांमध्ये बसू लागली. आणि मंगळवारी सकाळी मी विहारात बसलो तो असा बसलो की काय सांगू. पाठ आपोआप सरळ. श्वास नाकाशी येतोय, जातोय, वाससुद्धा येतोय, आणि मला त्याचं काहीच नाही. टाचेकडे बघायची गरजच उरली नाही. पत्र्यावरचा पाऊस कुणी लांबून धान्य पाखडावं तसा ऐकू येत होता. सलग आठ दिवस असं झालं. सिस्टर म्हणाल्या, छान बसताय आता. मला वाटलं, हेच ते. ज्याच्यासाठी लोक दहा-दहा दिवस मौन धरतात ते आपल्याला तीन आठवड्यांत साधलं. घरी येऊन मी शोभाला मन कसं पाण्यासारखं असतं ते समजावून सांगितलं. ती कांदा चिरत होती, हूं म्हणाली.

घरातल्या दुसऱ्या माणसाचं पाणी मात्र त्या आठ दिवसांत गढूळ होत होतं, आणि ते मला दिसत नव्हतं. प्रणाली चारला यायची, पण चहा ठेवायची नाही. डबा अर्धा परत यायचा. मी समजूत घातली की ऑफिसचं काम सुरक्षित असतं, कपडे खराब होत नाहीत. ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. आठव्या दिवशी संध्याकाळी, शोभा ग्रंथवाचनाला गेली होती, प्रणाली माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, सावंत साहेबांना तीनदा विचारलं, माझं काय चुकलं, ते नुसतं इकडचं तिकडचं बोलतात. माझ्यानंतर आलेल्या मुलीला प्लांट दिला, तिला माझ्यापेक्षा मार्क कमी आहेत.

मग तिने हळू आवाजात विचारलं, "पप्पा, आडनाव बघून केलं असेल का?"

हा प्रश्न माझ्या वडिलांनी आयुष्यभर वागवला. मीही तरुणपणी वागवला, कधी खरा ठरला, कधी खोटा, पण प्रत्येक वेळी तितकाच खोल गेला. माझी मुलगी या प्रश्नाशिवाय कामावर जाते याचा मला केवढा अभिमान होता. आणि आता तिच्या तोंडात तो मी घातला होता, माझ्या हाताने. तिला खरं उत्तर देऊ शकणारा माणूस तिच्या शेजारीच बसला होता. त्याने सांगितलं, "तसं नसेल गं. वरच्यांचं काहीतरी असतं."

दुसऱ्या दिवशी ध्यान मोडलं. टाचही सापडेना.

त्याच आठवड्यात मी कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिलो. का गेलो ते आता नीट आठवत नाही. बहुतेक सावंतला पुन्हा गाठायचं होतं, की निदान तिला काहीतरी खोटं कारण तरी दे. साडेतीनची पाळी सुटायची होती. माझ्या शेजारी एक माणूस मोटारसायकल लावून उभा होता, माझ्याच वयाचा, उन्हाने करपलेला, हँडलला भेंडीची पिशवी. त्याने माझ्याकडे बघून ओळखीचं हसू दिलं. म्हणाला, वांगणीहून आलोय, पोरीला न्यायला. एकटी येईन म्हणते, पण नवी आहे अजून, दहा दिवस झाले नाहीत. घरात कुणी कंपनीत नाही, आमची भाजीची शेती. पोरीला थेट प्लांटवर घेतली, साहेब म्हणाले हुशार आहे. हे सांगताना तो ताठ झाला होता.

मी चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला.

मग तो जरा जवळ सरकला. "तुम्ही जुने दिसता या लाइनीत. आत काय भ्यायसारखं नाय ना?"

अठ्ठावीस वर्षांचं नाक, बाळाराम, तांबूस धूर, सगळं सांगण्यासारखं होतं. आणि मी म्हणालो, "नाही. काही नाही."

त्याला हायसं वाटलं. ते मला त्याच्या खांद्यांवरून दिसलं. भेंडीच्या पिशवीतून मूठभर काढून त्याने कागदात गुंडाळून मला दिली. तेवढ्यात मुलं बाहेर आली. त्याची दीपाली हेल्मेट काखेत घेऊन येत होती, कपाळावर पट्ट्याचा वळ. ती बापाला म्हणाली, 'मी बरी आहे हो, रोज काय येता?' मी पुढचं ऐकलं नाही, प्रणाली दिसायच्या आत तिथून निघालो.

सकाळचं ध्यान संपताना सिस्टर दोन मिनिटं मैत्रीची भावना करायला लावतात. आधी स्वतःला सुख चिंतायचं, मग आपल्या माणसांना, मग अनोळखी माणसाला, मग सगळ्यांना. रोज मी ते पटापट उरकायचो, शाळा सुटताना राष्ट्रगीत म्हणतात तसं. टपरीवरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी अनोळखी माणूस म्हटल्यावर हेल्मेटच्या पट्ट्याचा वळ आला. मला तिचं सुख चिंतता येईना. ज्या जागेवर माझी पोर उभी राहू नये म्हणून मी हात जोडले होते, त्या जागेवर ती माझ्यामुळे उभी होती. मी ज्याला शांतता म्हणत होतो ते काय होतं, ते तिथे बसल्या बसल्या लख्ख दिसलं. माझ्या घरातली भीती मी उचलून वांगणीच्या एका घरात ठेवून आलो होतो, आणि त्या घरच्यांना ती अजून दिसलीही नव्हती. आठ दिवस मी रिकाम्या घराची शांतता भोगली.

सगळे गेल्यावर मी सिस्टरांना सांगितलं. त्या मूर्तीसमोरचं मेण चाकूने खरवडत होत्या. ऐकून घेतलं, हात थांबवला नाही. मला वाटलं होतं काहीतरी धीराचं बोलतील. म्हणाल्या, "मला सांगून तुम्हाला हलकं वाटेल. ते नको. जिला सांगायचं तिला सांगा."

त्या दिवशी चारला प्रणाली आली. शोभाही घरात होती. मी दोघींना बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं, सावंत, चहा, वांगणी, टपरी. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटत होता. शोभाने डोक्याला हात लावला. प्रणाली डब्याची झाकणं एकात एक बसवत होती. ती बसवून झाली, मग म्हणाली, "मी इतके दिवस स्वतःला तपासत होते, पप्पा. माझ्यात काय कमी आहे. तुम्ही समोर बसून बघत होतात."

एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. पुढचे नऊ दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढलंय हे शोभाकरवी कळायचं. मी सकाळी विहारात जात राहिलो, कारण दुसरीकडे कुठे जायचं ते कळत नव्हतं. आता डोळे मिटले की भीती आणि लाज दोघी शेजारी शेजारी येऊन बसायच्या. मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघत बसलो. इतकी वर्षं मला भीती म्हणजे छातीवर ठेवलेला एक दगड वाटायचा. बघत राहिल्यावर तो दगड सुटा सुटा झाला. मानेवर गरम, पोटात ओढ, जीभ कोरडी, डावा गुडघा उगाच हलतो. एक येतं, थोडा वेळ राहतं, जातं, दुसरं येतं. कायमचं गेलं नाही काहीच. फक्त त्याच्याबरोबर उठून कुठेतरी धावत जायची घाई थोडी कमी झाली. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चुका त्या घाईत झाल्या आहेत.

प्रणाली स्वतः सावंतकडे गेली होती, हे नंतर कळलं. त्याला म्हणाली, माझ्या वडिलांचं ऐकून तुम्ही माझं काम ठरवलंत, आता माझं ऐकून ठरवा. सावंत ओशाळला. दीपालीला काढणार नाही हे दोघांनाही मान्य होतं. शेवटी दोघी एकाच विभागात लागल्या.

दहाव्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हातात वही. म्हणाली, "तुमची भीती मला नको. तुम्हाला जे माहीत आहे ते द्या."

रविवारी दीपाली आणि तिचे वडील आमच्याकडे जेवायला आले. प्रणालीने बोलावलं होतं. जेवायच्या आधी मी त्या माणसाला गॅलरीत नेलं आणि सांगितलं की टपरीवर मी खोटं बोललो, आणि त्याची मुलगी त्या जागेवर का आली. तो नदीकडे वळला. पाणी उतरायला लागलं होतं, काठावर गाळ होता. त्याने विचारलं, तुमच्या पोरीला परत तिथे पाठवताय का. मी हो म्हणालो. मग तो म्हणाला, "तर मग शिकवा दोघींना," आणि आत गेला. जेवला, पण माझ्याशी कमी बोलला. त्याचा तो हक्क होता.

दुपारभर मी शिकवलं. कुठला वास कशाचा आणि कुठला वास येईपर्यंत थांबायचंच नाही. छपरावरची वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी पाळी सुरू होताना आधी बघायची. काही सुटलं तर वाऱ्याबरोबर धावायचं नाही, वाऱ्याला आडवं निघायचं. आणि तांबूस धूर नाकात गेला तर बरं वाटलं तरी घरी जायचं नाही, दवाखान्यात जाऊन रात्र काढायची, कुणी हसलं तरी चालेल. हे सांगताना मी बाळारामचं नाव घेतलं. इतक्या वर्षांत घरात त्याच्याबद्दल पहिल्यांदा बोललो. दीपालीचे वडील कोपऱ्यात बसून ऐकत होते. दोन्ही मुली भराभर लिहून घेत होत्या.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. विहारात खीर झाली. सिस्टरांनी विचारलं, कसं आहे आता. मी म्हणालो, सकाळी सात वाजता अजून धस्स होतं. त्या म्हणाल्या, होऊ द्या, आणि माझ्या वाटीत आणखी खीर घातली.

त्याला आता तीन वर्षं झाली. मी आता पुष्कळ बसतो. कधी पाच मिनिटं खरंच काहीच नसतं, नुसता पाऊस आणि टाच. कधी अर्धा तास नुसता भूकंपच. पूर्वी मला वाटायचं, शांतता म्हणजे घाबरायचं काही उरलं नाही अशी जागा. तशी जागा मला एकदा मिळाली होती, आठ दिवस, आणि तिची आठवण झाली की अंगावर काटा येतो. आता जी काही मिळते ती फार थोडी असते आणि भीतीच्या शेजारी बसलेली असते. दोघी एकाच सतरंजीवर. तिला कुणाच्या घरात भीती ठेवून यावं लागत नाही, एवढा तिचा गुण.

यंदा आषाढी पौर्णिमेनंतर तिसऱ्याच दिवशी प्रणालीने सांगितलं की गुजरातेत दहेजला तिची निवड झाली आहे. मोठा प्लांट, समुद्राकाठी, वरची जागा. दिवाळीनंतर रुजू व्हायचं. शोभा आनंदाने शेजारी सांगायला गेली. प्रणाली माझ्यासमोर बसली होती. ती वाट बघतेय हे मला कळत होतं, आणि माझी मान गरम झाली, जीभ कोरडी पडली. मी पायाकडे बघितलं. गुडघा हलत होता, त्याला हलू दिलं.

"जा," मी म्हणालो.

ती माझ्या गुडघ्याकडेच बघत होती. "घाबरलात ना?"

"हो."

"मीही," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. रोज बसमध्ये चढताना."

इतक्या वर्षांत मी तिला हजार गोष्टी विचारल्या होत्या. पोचलीस का, जेवलीस का, खोकला आहे का. तुला भीती वाटते का, हे एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटत होतं, घरात घाबरणारा मी एकटाच आहे.

शोभा परत येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.